'हार्ट ऑफ डार्कनेस' वाचताना अडलेला प्रश्न: दोष माणसाच्या स्वभावाचा की राजवटीचा?

माशेलची वाचक

सर्वांना नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या पुस्तकचर्चेसाठी या वेळी जोसेफ कॉनरॅड यांची 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही लघुकादंबरी घेतली आहे. पहिल्या बैठकीत वाद इतका पेटला की पुस्तक बाजूलाच राहिले. पुढच्या बैठकीत प्रास्ताविक करण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे, म्हणून येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक सांगते. मार्लो नावाचा खलाशी टेम्स नदीत नांगरलेल्या नौकेवर बसून सोबत्यांना आपला आफ्रिकेतील अनुभव ऐकवतो. एका व्यापारी कंपनीच्या आगबोटीचा कप्तान म्हणून तो तेथे जातो आणि नदीच्या पार आतल्या ठाण्यावर असलेल्या कर्ट्झ नावाच्या आजारी एजंटाला आणण्यासाठी निघतो. हा कर्ट्झ सर्वांत अधिक हस्तिदंत पाठवणारा, बहुश्रुत, उत्तम वक्ता आणि रानटी चालीरीती कशा मोडून काढाव्यात यावर एका संस्थेसाठी अहवाल लिहिणारा असा आहे. मार्लो पोहोचतो तेव्हा त्याच्या घराभोवतीच्या खांबांवर माणसांची मुंडकी लावलेली दिसतात, आणि त्या उदात्त अहवालाच्या शेवटच्या पानावर कर्ट्झने स्वतःच्या हाताने खरडलेले असते की या पशूंचा समूळ नाश करा.

आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मांडले की हे पुस्तक वसाहतवादाविषयी नसून माणसाच्या अंतःकरणाविषयी आहे. षड्रिपू प्रत्येकाच्या ठायी असतात, समाजाचा धाक आहे तोवर ते दबून राहतात आणि धाक उठला की कोणाचाही कर्ट्झ होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे. त्यावर दुसऱ्या सदस्यांनी कडाडून आक्षेप घेतला की असे म्हटल्यावर ज्याच्या ताब्यातील काँगोवर ही कथा बेतली आहे तो बेल्जियमचा राजा लिओपोल्ड, त्याचे अधिकारी आणि नफ्याचे वाटेकरी हे सगळेच सुटले. दोष सर्वांचा म्हटले की तो कोणाचाच उरत नाही, आणि साडेचारशे वर्षे परकी राजवट सोसलेल्या गोव्यातील वाचकांनी तरी अशी भाषा करू नये, असे ते म्हणाले.

मला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात. माझे आजोबा मुक्तिलढ्यात तुरुंगात होते. मारहाण करणाऱ्या पाखल्यांविषयी, म्हणजे पोर्तुगीज शिपायांविषयी, ते फारसे बोलत नसत, परंतु त्यांची खबर देणाऱ्या आपल्याच माणसाविषयी मात्र म्हातारपणीही बोलत. त्या माणसाकडे केवळ राजवटीचे प्यादे म्हणून पाहायचे की त्याच्या मनात शिरून पाहायचे, हा प्रश्न मला या कादंबरीपेक्षा वेगळा वाटत नाही. ती कशी वाचावी, आणि तिच्याजवळ ठेवून वाचावे असे गोव्याशी संबंधित साहित्य कोणते, हे कृपया सांगावे.

निवृत्त शिक्षक, मडगाव

ताई, आपण दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर म्हणता, परंतु माझ्या मते पहिल्या सदस्यांचे म्हणणे कादंबरीच्या पहिल्याच भागात कोसळते. त्यासाठी कर्ट्झपर्यंत पोहोचण्याची घाई न करता खालच्या ठाण्यावरील मुख्य हिशेबनिसापाशी थांबायला हवे. मी महाविद्यालयात ही कादंबरी अनेक वर्षे शिकवली आणि विद्यार्थी दर वर्षी या माणसाला ओलांडून पुढे जात, कारण तो काहीच भयंकर करत नाही.

मार्लो त्या ठाण्यावर येतो तेव्हा त्याला आधी साखळीने एकमेकांना जखडलेले मजूर दिसतात. मग झाडांच्या सावलीत मरायला सोडून दिलेले, नुसती हाडे उरलेले मजूर दिसतात. तेथून काही पावलांवर हा हिशेबनीस उभा असतो. उंच कडक कॉलर, पांढरेशुभ्र कफ, तेल लावून भांग पाडलेले केस, कानावर लेखणी. त्याच्या वह्या इतक्या नेटक्या आहेत की मार्लोला त्याच्याविषयी आदर वाटतो. त्याच्याच खोलीत एका आजारी एजंटाला खाटेवर आणून ठेवलेले असते, आणि त्याच्या कण्हण्यामुळे आकडेमोडीत चूक होण्याची भीती आहे अशी तक्रार तो अगदी सौम्यपणे करतो. पुढे तितक्याच शांतपणे तो सांगतो की अचूक नोंदी ठेवायच्या असल्या की या रानटी लोकांचा मरेपर्यंत द्वेष वाटू लागतो.

या माणसात कोणता रिपू उसळला आहे, हे आपल्या ज्येष्ठ सदस्यांना अवश्य विचारावे. त्याचा धाक सुटलेला नाही, संयमही सुटलेला नाही. घरी असताना तो जसा वागला असता तसाच तो येथे वागतो, आणि त्याचा द्वेषसुद्धा नोंदवहीतून उगवलेला आहे. कर्ट्झने पाठवलेला प्रत्येक सुळा याच वहीत चढतो. कर्ट्झ हा अपवाद म्हणून दाखवता येतो, परंतु हिशेबनीस अपवाद नाही, आणि त्याच्यावाचून कर्ट्झचे एक दिवसही चालले नसते.

आता प्रत्यक्ष इतिहास पाहावा. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास लिओपोल्ड दुसरा याने काँगो हा प्रदेश बेल्जियमच्या नव्हे तर स्वतःच्या नावावर करून घेतला, आणि तेथे तो आयुष्यात एकदाही गेला नाही. कॉनरॅड १८९० साली तेथे आगबोटीवर नोकरीला होते आणि प्रकृती पार ढासळून परतले. त्यांनी पाहिले ते हस्तिदंताचे युग. हवा भरलेल्या टायरांमुळे रबराची मागणी वाढल्यावर त्याहून भीषण काळ आला. गावांना रबराचा ठरावीक वाटा आणून द्यावा लागे, तो न आल्यास शिपाई पाठवले जात, आणि शिपायांनी काडतुसे शिकारीत वाया घालवू नयेत म्हणून झाडलेल्या काडतुसाबद्दल मेलेल्या माणसाचा हात आणून दाखवावा लागे. संख्या भरून काढण्यासाठी जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. एजंटांना मिळणारे कमिशन असे बांधलेले होते की स्थानिक लोकांना जितके कमी द्यावे तितके ते वाढावे. काँगोतील ब्रिटिश वाणिज्यदूत (कॉन्सल) रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला, आंदोलन उभे राहिले आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारकडे सोपवावा लागला. कॉनरॅड आणि केसमेंट यांची ओळख १८९० मध्ये काँगोतच, मातादी येथे झाली होती.

लोभ अँटवर्पच्या गोदीतील कारकुनालाही होताच. परंतु त्याला तेथे हात तोडता येत नव्हते, कारण तेथे न्यायालय होते, शेजारी होते आणि तोडलेल्या हाताला नाव होते. स्वभाव सर्वत्र सारखा धरला तरी एका ठिकाणी तो खुनापर्यंत जातो आणि दुसरीकडे जात नाही, या फरकाचा हिशेब स्वभावातून लागत नाही. कॉनरॅड यांना हे कळत होते असे मला वाटते. ते जन्माने पोलिश होते. रशियन साम्राज्याने त्यांच्या वडिलांना देशभक्तीपायी हद्दपार केले आणि लहानग्या कॉनरॅडचीही त्या हद्दपारीत फरफट झाली. साम्राज्य खालून कसे दिसते, हे त्यांनी आफ्रिकेत जाण्याच्या कितीतरी आधी पाहिले होते.

डिचोलीचा वाचक

सरांनी हिशेबनिसाकडे लक्ष वेधले हे फार मोलाचे आहे. तरीही त्यांच्या संपूर्ण उत्तरात एकाही आफ्रिकी माणसाचा आवाज नाही. हा दोष सरांचा नसून कादंबरीचा आहे, आणि तो प्रास्ताविकात मांडलाच पाहिजे.

नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्याख्यानात कॉनरॅड यांना स्पष्टपणे वर्णद्वेष्टे म्हटले. त्यांचा मुद्दा असा की एका युरोपीय मनाची पडझड दाखवण्यासाठी अख्ख्या खंडाची नुसती पार्श्वभूमी करून टाकणे हेच मुळात अमानुष आहे. कादंबरीतील आफ्रिकी माणसे ओरडतात, नाचतात, मरतात. अर्थपूर्ण वाक्य त्यांच्या तोंडी जेमतेम दोन वेळा येते, एकदा माणूस खायला मागताना आणि एकदा कर्ट्झ मेल्याची बातमी देताना.

मी अचेबे यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, परंतु एका ठिकाणी कादंबरी तिच्या लेखकापेक्षा पुढे गेलेली दिसते. आगबोटीवर तीस आफ्रिकी खलाशी आहेत, गोरे फक्त पाच. खलाशांना आठवड्याचा पगार म्हणून पितळी तारेचे वीतभर लांबीचे तीन तुकडे मिळतात, आणि ते देऊन अन्न विकत घ्यावे तर वाटेत थांबू दिले जात नाही. त्यांनी बरोबर आणलेले पाणघोड्याचे मांस कुजल्यामुळे गोऱ्यांनी पाण्यात फेकून दिलेले असते. हे भुकेलेले तीस जण त्या पाच जणांना हातही लावत नाहीत, आणि मार्लो स्वतःच आश्चर्य करतो की हा संयम यांच्यात आला कोठून. धाक उठला की षड्रिपू मोकाट सुटतात, हे सूत्र खरे असते तर ती बोट पहिल्या वळणावरच थांबली असती. संयम येथे उपाशी माणसांनी पाळला आहे, आणि ज्याच्या शिक्षणाचे गोडवे साऱ्या पुस्तकभर गायले जातात त्याने मुंडकी खांबांवर लावली आहेत. असे असूनही त्या तीस जणांपैकी एकालाही कॉनरॅड नाव देत नाहीत.

नाव कोणाला मिळते हा प्रश्न आपल्याकडचाही आहे. गोव्यातील कुंकळ्ळीत १५८३ साली पाच जेझुइट धर्मप्रचारक मारले गेले, त्यांची नावे जगभर गेली आणि १८९३ मध्ये रोमने त्यांना धन्य घोषित केले. त्यानंतर कुंकळ्ळीच्या ज्या गावकऱ्यांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले, त्यांची आठवण गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि गावात त्यांचे स्मारक उभे राहायला मुक्तीनंतरही बराच काळ जावा लागला.

म्हणून माझी सूचना अशी की अचेबे यांची १९५८ ची 'थिंग्ज फॉल अपार्ट' सोबत वाचावी. तिच्या शेवटी इंग्रज जिल्हाधिकारी विचार करतो की कादंबरीचा नायक ओकोंक्वो याच्या मरणावर आपल्या नियोजित पुस्तकात प्रकरण नाही तरी एखादा परिच्छेद नक्की लिहिता येईल. तोवर वाचकाने ओकोंक्वोचे अख्खे आयुष्य वाचून झालेले असते. कर्ट्झच्या अहवालाला याहून नेमके उत्तर माझ्या वाचनात नाही.

तार्वट्याची नात, सासष्टी

माझे आजोबा तार्वटी होते. इंग्रजांच्या बोटींवरील स्वयंपाकघरात त्यांची उमर गेली. त्यांचे नोंदपुस्तक आमच्या कपाटात आहे, त्यात प्रत्येक सफरीपुढे वर्तन अतिशय चांगले असल्याचा शिक्का आहे. त्यामुळे कॉनरॅड यांच्या बोटी मला परक्या वाटत नाहीत. तरीही वरील चर्चेत गोव्याचा उल्लेख फक्त सोसणाऱ्याच्या बाजूने आला, आणि तेवढ्यावर थांबणे मला योग्य वाटत नाही.

गोव्यात १८३५ साली जन्मलेला मानुएल आंतोनियो द सौझा हा गोमंतकीय तरुणपणी मोझांबिकला गेला. तेथे त्याला गुव्हेया म्हणत. झांबेझीच्या खोऱ्यात त्याने जमिनी मिळवल्या, हत्तींच्या शिकारीसाठी आणि हस्तिदंतासाठी बंदूकधारी माणसे पदरी ठेवली, लाकडी तटबंदीची ठाणी उभारली आणि बारुए राज्याच्या राजघराण्याशी सोयरीक जोडून शेवटी ते राज्यच ताब्यात घेतले. पोर्तुगीज सरकारने त्याला पदव्या दिल्या, कारण ज्या प्रदेशात सरकारचे सैन्य पोहोचत नव्हते तेथे त्याचे खासगी सैन्य सरकारचा झेंडा घेऊन जात होते. १८९० साली, म्हणजे कॉनरॅड काँगोत होते त्याच वर्षी, ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या माणसांनी त्याला पकडले, आणि सुटून परत आल्यावर १८९२ मध्ये बारुएतील लढाईत तो मेला.

कर्ट्झच्या जडणघडणीला सारा युरोप कारणीभूत होता असे मार्लो सांगतो. गुव्हेयाच्या जडणघडणीत आपले गोवेही होते, हे गोमंतकीय वाचकाने बोलून दाखवले पाहिजे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालत होता, तेथून गुलाम येथे आणले जात होते आणि ते फक्त गोऱ्यांच्याच घरी राबत नव्हते. मडगावच्या सरांचा मुद्दा याने अधिकच पक्का होतो असे मला वाटते. गुव्हेया स्वतः परक्यांच्या अमलाखालील वसाहतीतला माणूस होता, पण बंदूक, हस्तिदंत आणि जाब विचारणारे कोणी नसलेला मुलूख त्याच्या हाती आला आणि त्याने तेच केले जे गोऱ्यांनी केले. त्वचेच्या रंगाने त्याला अडवले नाही, आणि घरच्या संस्कारांनीही अडवले नाही.

आता ताईंनी विचारलेल्या साहित्याविषयी. नावेलीत जन्मलेले डॉक्टर आणि पोर्तुगीज संसदेतील गोव्याचे प्रतिनिधी फ्रान्सिस्कु लुईश गोमिश यांची 'ओश ब्राह्मनेश' ही पोर्तुगीज कादंबरी १८६६ ची, म्हणजे कॉनरॅड यांच्या तेहेतीस वर्षे आधीची. तिचे कथानक १८५७ च्या उठावाच्या काळातील उत्तर हिंदुस्थानात घडते. हिंदू समाजातील उच्चवर्णीयांचा अहंकार आणि गोऱ्या मळेवाल्याचा अहंकार ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत, असे गोमिश दाखवतात. कादंबरी म्हणून तिची रचना सैल आहे, भाषणे फार आहेत, परंतु विचार धीट आहे.

त्याहून मला जवळची वाटते ती ओर्लांदु द कोश्ता यांची १९६१ ची 'ओ सिग्नु द इरा'. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील सासष्टीच्या कुणब्यांचे जगणे तिच्यात आहे. त्यांच्या डोक्यावर पोर्तुगीज सैनिक आहेत तसे आपलेच भाटकार, म्हणजे जमीनदारही आहेत. भाटकाराच्या जमिनीत खोप बांधून राहणाऱ्या मुंडकाराला मनात येईल तेव्हा बाहेर काढता येत असे, त्याला फुकट राबावे लागे, आणि या घरातून काढता येणार नाही असे संरक्षण देणारा कायदा गोव्यात १९७५ मध्ये आला, मुक्तीनंतर चौदा वर्षांनी. माझ्या आजीच्या माहेरी भाटकाराच्या अंगणात चपला घालून जात नसत. त्या अंगणात कोणी आपल्या मुंडकाराशी नीट वागला, कोणी वाईट वागला, परंतु दोघांच्याही हाती अधिकार तेवढाच होता.

माशेलची वाचक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुव्हेयाविषयी मी प्रथमच वाचले, आणि ते आमच्या बैठकीत नक्की मांडणार आहे. एक शंका मात्र राहते. कादंबरीच्या शेवटी मार्लो युरोपात परततो, कर्ट्झच्या वाग्दत्त वधूला भेटतो आणि मरताना कर्ट्झच्या ओठांवर तिचेच नाव होते असे खोटे सांगतो. आमच्या गटात बहुतेकांना ही दया वाटली. व्यवस्थेच्या हिशेबाने वाचायचे ठरवले तर या खोट्याचे काय करायचे?

निवृत्त शिक्षक, मडगाव

प्रथम डिचोलीच्या वाचकांविषयी. तीस खलाशांच्या संयमाचा मुद्दा त्यांनी मांडला तो मी शिकवताना इतक्या स्पष्टपणे कधी मांडला नव्हता, आणि ताईंनी तो अवश्य घ्यावा.

त्या खोट्याविषयी बोलायचे तर वधूपेक्षा तिच्या दिवाणखान्याकडे पाहावे. तेथे कोपऱ्यात मोठा पियानो आहे, आणि त्या काळी पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या असत. कादंबरीच्या आरंभी टेम्सवरील नौकेतही एक हिशेबनीस आहे, आणि तो डॉमिनोच्या सोंगट्या मांडून बसला आहे. त्याही हाडाच्या किंवा हस्तिदंताच्याच असत. आफ्रिकेतून निघालेला माल अशा रीतीने आधीच घरात पोहोचलेला आहे आणि कथा मात्र अजून सांगायची आहे. वधूला खरे सांगितले असते तर त्या दिवाणखान्यातील एकेक वस्तू कोठून आली हे तिला कळले असते, आणि मार्लो नेमके तेच टाळतो. त्याच्या मनात दया असेलही. परंतु त्या दयेचा लाभ वधूइतकाच कंपनीलाही होतो.

याहून स्पष्ट पुरावा थोडा आधी आहे, आणि तो वाचकांच्या नजरेतून हमखास निसटतो. कंपनीचा माणूस कर्ट्झचे कागद मागायला येतो तेव्हा मार्लो त्याच्यापुढे तो प्रसिद्ध अहवाल ठेवतो, आणि समूळ नाश करा ही शेवटची ओळ त्याने आधीच फाडून टाकलेली असते. कंपनीला त्यात रस नसतो. मग एक पत्रकार येतो आणि छापण्यासाठी तोच अहवाल आनंदाने घेऊन जातो. म्हणजे ज्या मार्लोने मुंडकी पाहिली, हिशेबनिसाची वही पाहिली, मरणारे मजूर पाहिले, त्यानेच छापखान्याकडे जाणारी प्रत स्वच्छ करून दिली. हे करताना त्याच्यावर कोणाचाही दबाव नव्हता.

आपल्या आजोबांची खबर देणाऱ्या माणसाविषयी आपण विचारले होते. त्याच्या मनात शिरून पाहावे असे आपल्याला वाटते ते योग्यच आहे, परंतु त्याआधी त्याची खबर कोणी लिहून घेतली, त्याला त्याबद्दल काय मिळाले आणि मुक्तीनंतर त्याला कोणी काही विचारले का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. बैठकीत मात्र फाडलेल्या त्या ओळीपासून सुरुवात करावी आणि ज्येष्ठ सदस्यांना विचारावे की ती फाडताना मार्लोच्या ठायी कोणता रिपू होता. त्यांचे उत्तर येथे कळवलेत तर वाचायला आवडेल.